मासे तिचे, पाणी माझं

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात माझी ओळख करून देताना लोक हमखास अडखळतात. "ह्या वंदनाताई. ह्या... पाण्याचं काहीतरी करतात." मग समोरचा माणूस विचारतो, घरी फिल्टर कोणता लावावा? मला फिल्टरमधलं ओ की ठो कळत नाही. मी भूजलाचं काम करायचे, नुकतीच निवृत्त झाले. जमिनीच्या पोटात, कोणाला न दिसता वाहणारं पाणी हा माझा विषय. आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर काम करणारा माणूसही लोकांना दिसत नाही, ही माझी नोकरीभरची तक्रार.

मंडळाच्या अंकाच्या संपादिका म्हणाल्या, "कामाबद्दल लिहा, पण मोकळेपणानं." मोकळेपणानं लिहायचं तर रियाबद्दल लिहावं लागेल. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी दोन कामं नेमानं केली. पाण्याची पातळी मोजली आणि रियाचा हेवा केला.

आधी जागा सांगते. आमचं घर शुगर लँडला, नवरा प्रशांत इथे एनर्जी कंपनीत. माझी सरकारी नोकरी मात्र टेक्ससच्या पश्चिम टोकाला, वाळवंटात. सोमवारी पहाटे गाडी काढायची, दमट ह्यूस्टन मागे टाकत दिवसभर पश्चिमेला ड्राइव्ह करायचं. हळूहळू झाडं बुटकी होतात, मग झुडपं, मग फक्त काटे आणि दगड. तिथल्या एका छोट्या गावात मी खोली घेतली होती. आठवडाभर तिथे, शनिवार-रविवार घरी.

त्या गावाबाहेर एक झरा आहे. झरा म्हटलं की आपल्याला डोंगरातली धार आठवते. हा तसा नाही. सपाट, भाजलेल्या माळावर एकदम एक डोह लागतो, इतका नितळ की तळाचे खडे मोजावेत. हे पाणी परवाच्या पावसाचं नाही. हिमयुगात लांबच्या डोंगरांवर जो पाऊस पडला तो चुनखडीच्या भेगांतून हजारो वर्षं वाट काढत येतो आणि इथे वर येतो. बाहेर उन्हाळ्यात पत्रा तापावा तशी हवा, हिवाळ्यात पहाटे गवतावर बर्फ. झऱ्याच्या तोंडाचं पाणी मात्र बारा महिने एकाच कोमटपणाचं.

सगळी गंमत ह्या एकसारखेपणात आहे. झऱ्याच्या अगदी तोंडाशी मोहरीच्या दाण्याएवढी एक गोगलगाय राहते. तिला तेच पाणी लागतं. तोच कोमटपणा, तोच क्षार, विरघळलेल्या वायूंचं तेच प्रमाण. चार पावलं पुढे गेलं की पाण्याला ऊनवारा लागतो, आणि तिथे ती सापडत नाही. तिथून माशांचं राज्य सुरू होतं. आणखी पुढे पाट होतो, तिथे दिवसा तापणारं आणि रात्री गार पडणारं पाणी सोसणारे वेगळे मासे. कोणी कुठे राहायचं हे जमिनीखालून येणारं पाणी ठरवतं. ते कमी झालं की तोंडाशी राहणाऱ्यांची जागा आधी आक्रसते. जगात दुसरीकडे कुठेच नसलेला जीव तिथल्या तिथे संपतो. त्याला बिऱ्हाड हलवता येत नाही.

तर पाण्याची पातळी कमी होते आहे का, हे आधी ओळखणं माझं काम. आसपासच्या विहिरींत, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या लोखंडी पाइपांत, मी पाण्याच्या दाबावरून पातळी मोजणारी यंत्रं सोडत असे. पाइपला झाकण, झाकणाला कुलूप. बघायला येणाऱ्याला दाखवायचं काय? कुलूप.

रिया साठे आमच्याकडे आली ती मासे आणि पाण्यातले बारीक जीव ह्यांची तज्ज्ञ म्हणून. जन्म मिशिगनमधल्या ट्रॉयचा, आईवडील पुण्याचे. पहिल्याच दिवशी सगळ्या ऑफिससमोर मला म्हणाली, "ओह माय गॉड, तुम्ही मराठी? मावशी, तुम्ही मला सगळं शिकव हां!" 'तुम्ही' आणि 'शिकव' एका वाक्यात. आणि मावशी! इतकी वर्षं त्या ऑफिसात मी कोणाची मावशी नव्हते. वंदना उच्चारता येत नाही म्हणून 'व्हॅन' होते, सामान वाहून नेणारी. रियाचं नाव मात्र सगळ्यांच्या तोंडात पहिल्या दिवसापासून चपखल बसलं. तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

शाळेच्या बस यायच्या त्या तिच्यासाठी. विणीच्या दिवसांत तिथला बोटभर नर मासा निळाशार होतो आणि आपल्या हातभर जागेसाठी मोठ्या माशांच्या अंगावर धावून जातो. रिया पोटावर झोपून मुलांना ते दाखवायची, माशांची भांडणं आवाज काढून करून दाखवायची. मुलं खिदळायची. मग शाळेच्या बाई म्हणायच्या, "आता ह्या मॅडम आपल्याला विहिरीबद्दल सांगतील," आणि मुलं डबे उघडायची.

मला येत नव्हतं असं नाही. माझ्याकडेही गोष्टी होत्या. एका म्हाताऱ्या बाईंनी फोन करून सांगितलं होतं, की त्यांची जुनी विहीर घोरते. मी गेले. खरंच, वादळाआधी हवेचा दाब उतरला की त्या विहिरीतून हवा बाहेर यायची आणि सैल झाकण घुरघुरायचं. मी बाईंना म्हटलं, तुमच्या विहिरीला हवामान आधी कळतं. त्यांनी झाकण घट्ट करू दिलं नाही. म्हणाल्या, नवरा गेल्यापासून घरात घोरणारं तेवढंच आहे. अशी गोष्ट मी मुलांना सांगितली असती तर त्यांनी डबे मिटले असते. पण मी त्यांना दाब आणि सच्छिद्रता सांगत राहिले. रियाला जे सहज यायचं ते मला सुचायचंही उशिरा.

सगळ्यात जास्त मी जळले ते डेलवरून. डेल हा झऱ्याच्या पश्चिमेचा रँचवाला, सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा. त्याच्या जमिनीत पवनचक्कीवर चालणारी एक जुनी खोल विहीर होती. ती मला हवी होती, कारण तिच्या पलीकडे आमच्याकडे मोजायला काहीच नव्हतं. मी त्याच्याकडे किती वेळा गेले! तो फाटकापाशीच उभा राहायचा, हॅटला बोट लावायचा आणि म्हणायचा, "नो मॅम." सरकारी माणूस एकदा विहिरीत शिरला की बाहेर निघत नाही, असं त्याचं मत.

इथला कायदा असा, की ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. हे मी एकदा फोनवर वडिलांना सांगितलं होतं. ते भंडाऱ्याला शिक्षक होते. पाण्यावर कोणाचा हक्क, हा त्यांच्यासाठी पुस्तकातला प्रश्न नव्हता. लहानपणी गावच्या विहिरीपासून दूर उभं राहून ते शिकले होते. त्यांनी विचारलं, "आणि उपसताना शेजाऱ्याचं पाणी ओढलं गेलं तर?" मी म्हटलं, "तर शेजाऱ्यानं आणखी खोल खणायचं."  ते म्हणाले, "म्हणजे तिथंही तेच की गं."

शेजाऱ्याचं पाणी ओढण्याचाच प्रसंग आला. डेलच्याही पलीकडे एका कंपनीनं मोठी जमीन घेतली. लसूणघास, म्हणजे गुरांचा चारा, लावायची, उन्हाळाभर कापायची, गठ्ठे बांधून लांब पाठवायचे. त्यासाठी मोठ्या विहिरी, मोठे पंप. त्या उन्हाळ्यात माझ्या यंत्रांवर झऱ्याच्या पातळीची रेघ खाली झुकली. फार नाही, पण इतक्या वर्षांत मी ती अशी झुकलेली पाहिली नव्हती. कंपनीच्या तज्ज्ञांचं म्हणणं, मध्ये खडकाची मोठी चीर आहे, ती पाणी अडवते, आमचं पाणी वेगळं, झऱ्याचं वेगळं. झऱ्याला उत्तरेकडून पाणी येतं, तिकडे बघा. मी पाण्यातले क्षार तपासले, पाण्याचं वय काढलं. निकाल दोन्ही बाजूंनी ओढता येईल असा. उत्तर डेलच्या विहिरीत होतं आणि डेल फाटकात.

एका मंगळवारी सकाळी मी ऑफिसात पोचले तर रिया म्हणाली, "मावशी, चल, डेलकडे जाऊ. ही सेड येस."

"कशाला येस?"

"विहिरीला. तुमचं पण यंत्र टाक म्हणाला."

ती त्याच्याकडे कासवांबद्दल विचारायला गेली होती. बायको शर्लीनं आत बोलावलं, पीचचं काहीतरी गरम गोड खायला दिलं, आणि निघताना डेलच म्हणाला, त्या विहिरीत लहानपणी बादलीतून पांढरे किडे यायचे, बघायचेत का? मला त्यानं आत कधी बोलावलं नव्हतं. मी गाडीत बसले, सीटबेल्ट लावला आणि डेलच्या घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. रिया बोलत होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही, ह्याचाही राग आला.

पवनचक्कीखाली मी माझ्या यंत्राची तार सोडायला बसले. तार हळूहळूच सोडावी लागते, नाहीतर पंपाच्या पाइपभोवती गुंडाळली जाते. रियानं टाकीत पडणाऱ्या धारेला चहाच्या गाळण्यासारखी बारीक जाळी बांधली आणि शर्लीशी गप्पा मारत बसली. माझं यंत्र अजून पाण्याला टेकलंही नव्हतं, तेवढ्यात ती किंचाळली.

जाळीत पांढुरके, जवळजवळ पारदर्शक जीव वळवळत होते. कोळंबीच्या पिल्लासारखे, पण डोळ्यांच्या जागी काही नाही. जन्मभर जमिनीखालच्या अंधारात राहणाऱ्याला डोळे कशाला? रियानं भिंग लावलं आणि पुन्हा पुन्हा पाहिलं. "मावशी, हे झऱ्याच्या तोंडाशी मिळतात तेच आहेत. सेम. म्हणजे आतून रस्ता आहे!"

डेलनं हॅट काढली. शर्लीनं रियाला मिठी मारली. मी तार धरून उभी होते, कारण सोडली असती तर यंत्र तळाला गेलं असतं. जो जोड मी इतकी वर्षं शोधत होते, तो तिनं एका सकाळी, गाळण्यानं काढला होता. त्या क्षणी मला त्या मुलीचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कोणाचा वाटलेला नाही.

त्या शनिवारी घरी प्रशांतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा, मग चांगलंच झालं की यार!" नवऱ्यांना काही गोष्टी सांगू नयेत.

माझं यंत्र डेलच्या विहिरीत उन्हाळाभर राहिलं, हिवाळाभरही. दर आठवड्याला मी जाऊन वाचायचे. डेल आता फाटक उघडायचा, पण पहिला प्रश्न ठरलेला: "रिया नाही आली?"

पुढच्या वसंतात काउंटीच्या पाणी बोर्डासमोर सुनावणी झाली. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. अर्धं गाव आलं होतं, त्यातल्या निम्म्यांची नोकरी त्याच कंपनीत होती. रियानं काचेच्या बरणीतले ते जीव दाखवले. बरणी हातोहात फिरली, पोरं कडेवर घेऊन लोक बघत होते. मग मला बोलावलं. कंपनीचा वकील सभ्य माणूस होता. त्यानं बरणीकडे बोट दाखवलं.

"मॅडम, तुम्ही इथे सगळ्यात जुन्या आहात. एकच विचारतो. हा किडा दोन्हीकडे सापडला, एवढ्यावरून आज डेलच्या विहिरीतलं पाणी झऱ्याला जातं, हे सिद्ध होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

 पहिल्या रांगेत रियाचा चेहरा उतरला. डेलनं माझ्याकडे असं पाहिलं की फाटक परत बंद झालं. आणि खरं सांगते, तो 'नाही' तोंडातून निघाला तेव्हा मला गोड लागला. शास्त्राच्या दृष्टीनं तो बरोबरच होता. हे जीव पूर्वी कधीतरी, पाणी भरपूर असताना, इकडून तिकडे गेले असतील आणि वाट नंतर बुजली असेल. वकिलानं "थँक यू" म्हणून कागद आवरायला घेतले.

"माझं संपलं नाही," मी म्हटलं. "किडा इतकंच सांगतो, की वाट कधीतरी उघडी होती. आजही उघडी आहे का, ते त्याच विहिरीतलं माझं यंत्र सांगतं."

मग मी तो आलेख पडद्यावर लावला. कंपनीचे पंप सुरू झाले की आधी डेलची विहीर उतरली, मग झरा उतरला. हिवाळ्यात पंप थांबले तेव्हा आधी डेलची विहीर चढली, मग झरा. त्याच क्रमानं. खडकातली चीर मध्ये असेल, पण ती भिंत नव्हती, दार होतं. "तिचा किडा नसता," मी म्हटलं, "तर माझ्या रेषांना तुम्ही योगायोग म्हणाला असता. माझ्या रेषा नसत्या तर किड्याला तुम्ही जुना इतिहास म्हणाला असता. आता दोन्ही आहेत."

वकील खाली बसला.

बोर्डानं अर्धवट न्याय दिला. सगळ्यात जवळच्या विहिरी बंद, बाकीच्यांचा उन्हाळ्यातला उपसा कमी. कंपनी गेली नाही, गावातल्या नोकऱ्याही गेल्या नाहीत. झऱ्याची रेघ खाली जायची थांबली. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला: रिया, डेल आणि बरणी. डाव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. त्या आंधळ्या जिवाची जात, झऱ्यात दिसत असूनही, शास्त्रात अजून न नोंदलेली निघाली. रियानं त्याला नाव दिलं शर्लीचं. पीच खायला घालणाऱ्या बाईचं! मी अभिनंदनाचा केक आणला आणि त्यातला एक तुकडाही माझ्यानं खाल्ला गेला नाही.

मुख्य झरा वाचला, पण सगळं वाचलं नव्हतं. त्याच्या दक्षिणेला, दोन दगडांमधून पाझरणारा एक लहान झरा होता, ओंजळभर पाण्याचा. मुख्य झऱ्यापेक्षा तो किंचित उंचावर, म्हणून पातळी उतरताच आधी तो आटला. सुनावणी व्हायच्या आधीच. तिथेही तोंडाशी एक गोगलगाय होती, मोठ्या झऱ्यातल्या गोगलगायीहून वेगळी, फक्त तिथली. मोजण्यात मी चुकले नव्हते. धोक्याची सूचना मी वेळेवर दिली होती. सूचना फायलीत पोचली, पाणी पोचलं नाही.

दोन हिवाळे गेले. उपसा कमी झाल्यानं पाण्याची पातळी सावकाश वर येत होती. माझ्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, एका सकाळी आकडे वाचताना मला कळलं, की पातळी त्या लहान झऱ्याच्या तोंडापर्यंत आली असणार. मी रियाला म्हटलं, "चल."

दगडांमधली माती ओली होती. आम्ही वाकलो. एक बारीकशी धार, करंगळीएवढी, दगडाच्या कडेनं उतरत होती. मी तापमान पाहिलं. तोच कोमटपणा. क्षार तेच. जसं गेलं होतं तसंच ते पाणी परत आलं होतं. मी मोठ्यानं हसले. नोकरीत मी इतकी खूश क्वचित झाले असेन. हे माझं काम होतं, आणि पहिल्यांदाच ते डोळ्यांना दिसत होतं.

 रियानं पांढरा ट्रे काढला, भिंग काढलं, गुडघे टेकले. एकेक खडा उचलायची, खालून बघायची, जसा होता तसा परत ठेवायची. ऊन वर आलं. मी गाडीतून पाणी आणलं, तिनं घेतलं नाही. सगळे खडे बघून झाले, मग ओलं मूळ, मग कडेचं शेवाळ. ट्रेमध्ये वाळूशिवाय काही नव्हतं.

ती टाचांवर बसली. नाक पुसलं.

"मावशी, आय अ‍ॅम सो जेलस ऑफ यू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माझा?"

"तुमचं परत येतं," ती म्हणाली. "पाणी परत येतं. माझं नाही येत."

 इतकी वर्षं जे वाक्य तिच्याकडून ऐकावं असं मला वाटलं होतं ते ती बोलली होती, आणि मला ते नको होतं. कोणी परत घेईल तर देऊन टाकलं असतं.

"पलीकडचे दगड राहिलेत," मी म्हटलं.

"तिथे गोगलगायी नसतात मावशी, ते लांब आहे तोंडापासून."

"माहितेय. तरी बघू."

तिनं माझ्याकडे पाहिलं, ट्रे माझ्या हातात दिला आणि पुढे सरकली. मी तिच्या मागोमाग, ट्रे सपाट धरून, तिची सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूनं चालले. उन्हं उतरेपर्यंत आम्ही दगड उलटत होतो.